जुन्या लेन्सने लांबचं शार्प येत नाही? आधी अ‍ॅडाप्टर मोजा

माझ्या गच्चीवरून सिंहगडावरचा टीव्ही टॉवर दिसतो. जुनी लेन्स हातात आली की पहिला फोटो त्या टॉवरचा, हा आता घरचा शिरस्ता झालाय. शेजारच्या काकूंनी एकदा विचारलंसुद्धा, "रोज तोच टॉवर काय काढतोस रे, पडणारे का तो?"

पाच वर्षांपूर्वी मामाच्या झेनिट कॅमेऱ्यावरची हेलिओस ४४-२ माझ्याकडे आली. ५८ मिमी, एफ/२ (एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं तोंड, म्हणजे अपर्चर, मोठं), एम४२ नावाच्या आट्यांची. माझ्या सोनी ए७ मार्क २ वर ती बसावी म्हणून लेन्स आणि कॅमेरा जोडणारी नळी, म्हणजे एक स्वस्तातला अ‍ॅडाप्टर मागवला. फोकसची रिंग ∞ (इन्फिनिटी, म्हणजे खूप लांबचं) च्या खुणेकडे फिरवली, ठक्क करून थांबली, टॉवरचा फोटो काढला. स्क्रीनवर मोठा करून बघितला तर टॉवरच्या जागी ओल्या काचेतून दिसावा तसा एक राखाडी फराटा. एफ/४ वर थोडं बरं, एफ/८ वर चालेलसं. मी ठरवून टाकलं, लेन्स गेलेली आहे. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात ती कुणाच्या तरी पथारीवर ठेवून यायचं एवढंच बाकी होतं.

लेन्सला काहीही झालेलं नव्हतं. अ‍ॅडाप्टर ०.१५ मिमीने आखूड होता. आणि हातात धरून काढलेले फोटो तर त्याहून वाईट येत होते, कारण हाताचा धक्का सावरणाऱ्या बॉडीच्या स्टॅबिलायझेशनला वाटत होतं की समोर १३५ मिमीची लेन्स बसलीय.

ही तक्रार मला दर महिना-दोन महिन्यांनी कुणाकडून तरी ऐकू येते. लेन्स वेगळी, बॉडी वेगळी, वाक्य तेच: "जवळचं मस्त येतं हो, लांबचं शार्प येत नाही." आणि दहातल्या आठ वेळा माणूस लेन्स उघडायच्या तयारीत असतो. ती उघडायच्या आधी काय काय बघायचं, ते माझ्या क्रमाने लिहितो.

चार फोटोंची चाचणी

कॅमेरा तिपाईवर. स्टॅबिलायझेशन बंद. दोन सेकंदांचा टायमर. आयएसओ कमीत कमी. समोर निदान अर्धा-एक किलोमीटर लांबचं काहीतरी हवं, ज्याला ठसठशीत कडा आहेत: मोबाईल टॉवर, उंच इमारतीची गॅलरी, पाण्याची टाकी. झाडं नकोत, पानं हलतात.

पहिले दोन फोटो स्क्रीन मॅग्निफाय करून, अगदी मधोमध नीट फोकस करून काढायचे: एक लेन्स पूर्ण उघडी ठेवून, एक एफ/८ वर. पुढचे दोन, त्याच दोन अपर्चरला, पण डोळ्यांनी फोकस न करता रिंग ∞ च्या टोकाला टेकवून.

वेळ सकाळी आठच्या आतली. हे मी हौसेने सांगत नाही. एप्रिलमध्ये दुपारी एक वाजता तापलेल्या पत्र्यांवरून बघितलं तर दोन लाखांची नवी लेन्ससुद्धा टॉवर शार्प देणार नाही. हवा उकळत असते, कडा लाटेसारख्या हलतात. मॅग्निफाय केल्यावर चित्र पाण्याखाली असल्यासारखं डुलताना दिसलं तर कॅमेरा पिशवीत घाला आणि चहा प्या. पावसाळ्यात दमट हवेचा पांढुरका पडदा असतो, तो वेगळाच. सकाळ जमत नसेल तर रात्री लांबच्या दिव्यांवर फोकस करून बघा. शार्प फोकसला दिवा सगळ्यात लहान ठिपका होतो.

आता हे फोटो वाचायचे. मॅग्निफाय केलेले शार्प आणि ∞ ला टेकवलेले धूसर असतील, तर अ‍ॅडाप्टर आखूड आहे, लेन्स ठणठणीत आहे. रिंग टोकाला टेकली तरी अजून थोडी फिरायला हवी होती असं वाटत असेल, म्हणजे चौकातली टाकी शार्प आणि मागचा डोंगर नाही, तर अ‍ॅडाप्टर जाड आहे किंवा लेन्स कुणीतरी उघडून चुकीची जुळवलीय. तिपाईवर सगळं झकास आणि हातात धरलं की गेलं, तर स्टॅबिलायझेशनचं सेटिंग बघा. पूर्ण उघडा फोटो आणि एफ/८ चा फोटो यांत फरकच दिसत नसेल, दोन्हींना शटरही एकच लागत असेल, तर अपर्चर लहान करणारी आतली पाती, म्हणजे ब्लेड, बंद होत नाहीयेत. डावी बाजू शार्प, उजवी मऊ, तर काहीतरी तिरकं बसलंय. आणि कडा आहेत पण सगळ्याच फोटोंत काळ्याचा राखाडी झालाय, तर काचेवर धुकं आहे किंवा अ‍ॅडाप्टर आतून चकाकतोय.

अ‍ॅडाप्टरची जाडी

लेन्सचा खांदा ज्या पृष्ठभागावर टेकतो तिथून फिल्मपर्यंतचं (आता सेन्सरपर्यंतचं) अंतर प्रत्येक माउंटला (लेन्स बॉडीला जोडायच्या पद्धतीला) ठरलेलं असतं. एम४२ ला ४५.४६ मिमी, पेंटॅक्स के ला तेवढंच. निकॉन एफ ४६.५, ऑलिम्पस ओएम ४६, कॅनन एफडी ४२, मिनोल्टा एमडी ४३.५. मिररलेस बॉडीत आरसा नसल्याने हे अंतर खूप कमी: सोनी ई १८ मिमी, फुजी एक्स १७.७, कॅनन आरएफ २०, निकॉन झेड १६. अ‍ॅडाप्टरचं काम फक्त मधला फरक भरून काढायचं. एम४२ ते सोनी ई म्हणजे ४५.४६ वजा १८, बरोबर २७.४६ मिमी. यात काच नाही, इलेक्ट्रॉनिक्स नाही, नुसती अ‍ॅल्युमिनियमची नळी. पण ती नळी त्या मापाची हवी.

ती तशी नसते, आणि बऱ्याचदा मुद्दामच नसते. अ‍ॅडाप्टर जाड झाला तर गिऱ्हाईक म्हणतं "इन्फिनिटी येत नाही" आणि परत पाठवतं. आखूड झाला तर लेन्स इन्फिनिटीच्या पलीकडे जाते, आणि ते बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. म्हणून बनवणारे आखडत्या बाजूला राहतात. धंद्याच्या दृष्टीने शहाणपणाचंच आहे, फक्त ते कुणी खोक्यावर छापत नाही.

आखूडपणाने किती फरक पडतो, तर माझंच उदाहरण घ्या. ०.१५ मिमी कमी. लेन्स एफ/२ वर असताना फोकस इतका चुकला तर एका ठिपक्याचा ०.०७५ मिमीचा गोळा होतो. माझ्या सेन्सरवर ३६ मिमी रुंदीत ६००० पिक्सेल, म्हणजे एक पिक्सेल ०.००६ मिमीचा. ठिपका बारा पिक्सेल पसरला! एफ/८ वर तोच गोळा तीन पिक्सेलांचा होतो, म्हणून "स्टॉप डाऊन (अपर्चर लहान) केलं की बरं येतं" असं वाटतं आणि आपण लेन्सच मऊ आहे असं धरून चालतो.

मग खरी इन्फिनिटी स्केलवर कुठे असते? लेन्सच्या मिमीचा वर्ग करायचा आणि चूक जितक्या मिमीची तितक्याने भागायचं. ५८ चा वर्ग ३३६४, भागिले ०.१५, उत्तर साधारण २२,४०० मिमी. म्हणजे माझी रिंग २२ मीटर जिथे असायला हवे तिथे आणली की टॉवर शार्प. आणि तसंच झालं. ∞ पासून रिंग जेमतेम हलवली आणि टॉवरवरची जाळी मोजता येईल इतकी स्वच्छ दिसली. पाच वर्षांपूर्वी हे भागाकाराचं गणित मला माहीत असतं तर मामाच्या लेन्सला इतक्या शिव्या पडल्या नसत्या.

हेच गणित उलट्या बाजूने, जाड अ‍ॅडाप्टरला लावा. फक्त ०.१ मिमी जाड असला तर १३५ मिमीची लेन्स १८२ मीटरपर्यंत फोकस करते, ५८ ची ३४ मीटरपर्यंत, आणि २८ मिमीची पावणेआठ मीटरवरच अडकते. म्हणूनच एकाच अ‍ॅडाप्टरवर "टेली चांगली चालते, वाइड खराब आहे" असं लोक सांगतात. वाइड खराब नसते. वाइडला चूक पचत नाही.

मोजायचं कसं: व्हर्निअरने. जबडे अ‍ॅडाप्टरच्या बाहेरच्या कडेवर लावायचे, बॉडीला टेकणारा पृष्ठभाग ते लेन्सचा खांदा टेकणारा पृष्ठभाग. आत घुसणारे, फिरवून अडकवायचे बायोनेटचे कान मापात धरायचे नाहीत. घड्याळातल्या बारा, तीन, सहा, नऊ अशा चार जागी मोजा आणि चारही आकडे लिहा. स्वस्त डिजिटल व्हर्निअर ०.०१ दाखवतो खरा, पण तेवढा विश्वासू नसतो. शंका आली तर मायक्रोमीटर. भोसरीत लेथवर काम करणाऱ्या माझ्या एका मित्राने माझा अ‍ॅडाप्टर हातात घेतला, मायक्रोमीटरमध्ये धरला आणि चार सेकंदांत म्हणाला, "तीस, एकतीस, एकतीस, तेहतीस. कुणी फेस मारलाय हा?" म्हणजे २७.३० पासून २७.३३ पर्यंत. आखूड तर होताच, जरासा तिरकाही होता.

आता उपाय. अ‍ॅडाप्टर आखूड असेल तर माझं स्पष्ट मत: बहुतेकांनी काही करू नये. ∞ च्या खुणेवर विसंबायचं सोडा, मॅग्निफाय करून फोकस करा, संपलं. दुरुस्ती करावी ती दोन प्रसंगी. एक म्हणजे तुम्ही स्केल बघून फोकस करता, रस्त्यावरचे फोटो काढता तेव्हा. दुसरा म्हणजे लेन्समध्ये फोकसबरोबर काचांच्या गटांमधलं अंतरही बदलत असेल तेव्हा. निकॉनने १९६७ साली २४ मिमी एफ/२.८ मध्ये ही रचना आणली, नंतर त्यांच्या बऱ्याच वाइड लेन्सेसमध्ये ती आली. अशा लेन्सला चुकीच्या जाडीवर बसवलं तर मधोमध फोकस जुळतो, पण कोपरे हवे तसे जुळत नाहीत.

दुरुस्ती म्हणजे शिम, पातळ पत्र्याची चकती. बरेच अ‍ॅडाप्टर दोन भागांचे, बारीक स्क्रूंनी जोडलेले असतात. स्क्रू काढायचे आणि मधे हव्या त्या जाडीची पितळी शिम कापून घालायची. टूल्सच्या दुकानात ०.०५ आणि ०.१ ची शिम मिळते. काही जण साधा कागद घालतात. एक पान साधारण ०.१ मिमीचं असतं, त्यामुळे प्रयोगापुरतं उत्तम, पण स्क्रू आवळला की दबतं आणि पावसाळ्यात फुगतं. कायमचं ठेवू नका. माझ्यात ०.१ ची एक आणि ०.०५ ची एक अशा दोन आहेत, आणि तिरकेपणासाठी आखूड बाजूला अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा एक तुकडा, पोळ्या गुंडाळतो त्याच रोलमधला.

अ‍ॅडाप्टर जाड असेल तर पॉलिश पेपरवर घासत बसू नका. हाताने घासून दोन्ही पृष्ठभाग समांतर राहत नाहीत, एक दुखणं जाऊन दुसरं येतं. बदलून घ्या. हेलिओसच्या फोकस रिंगवर तीन बारीक स्क्रू असतात, ते सैल करून रिंग थोडी सरकवली की टेकायची जागा बदलते हे खरं आहे. पण मग लेन्स त्या एका अ‍ॅडाप्टरची बांधील होते. चूक नळीत आहे, तर नळीच बदलावी.

निकॉन डीएसएलआरवर एम४२

हा प्रश्न वेगळा काढतो, कारण आपल्याकडे घराघरांत निकॉनचे डीएसएलआर (आत आरसा असलेले डिजिटल कॅमेरे) आहेत आणि एम४२ लेन्स स्वस्त मिळते. आधीचे आकडे बघा: निकॉन एफ ४६.५, एम४२ ४५.४६. लेन्सला सेन्सरच्या जितकं जवळ जायला हवं तितकं बॉडीच जाऊ देत नाही. वर अ‍ॅडाप्टरची स्वतःची जाडी. एकंदर दोन मिमीची चूक धरली तर ५८ मिमीची हेलिओस पावणेदोन मीटरच्या पुढे फोकसच करू शकत नाही. यात ना लेन्सचा दोष ना तुमचा. फुलं, किडे, ताटातला पदार्थ एवढ्यापुरती वापरा.

काच असलेला अ‍ॅडाप्टर इन्फिनिटी देतो, पण ती काच सहसा इतकी सुमार असते की उघड्या अपर्चरला फोटोवर तुपाचा हात फिरल्यासारखा दिसतो. कॅनन ईएफ ४४ मिमीचा आहे, तिथे एम४२ सुखाने चालते, दीड मिमीची चकती पुरते. फक्त फुल-फ्रेम बॉडीत आरसा काही लेन्सेसच्या मागच्या काचेला आपटतो, म्हणून पहिल्यांदा लावल्यावर रिंग ∞ कडे नेऊन आरसा लाइव्ह व्ह्यूमध्ये सावकाश वर जाऊ द्या आणि कान देऊन ऐका.

डीएसएलआरबद्दल आणखी एक. व्ह्यूफाइंडरमध्ये शार्प दिसलं म्हणून एफ/१.४ वर शार्प येईल असं नाही. आताच्या फोकसिंग स्क्रीन स्लो (कमी उजेड आत घेणाऱ्या) झूमसाठी उजळ केलेल्या असतात, एफ/२.८ च्या आसपासच्या पलीकडचा उथळपणा त्या दाखवतच नाहीत. लाइव्ह व्ह्यू लावा.

बॉडीला मिमी सांगितलेत का?

नव्या लेन्सेस बॉडीला आपले मिमी आपणहून कळवतात. जुन्या लेन्सला तोंड नाही. सेन्सर हलवून धक्का सावरणाऱ्या बॉडीत हा आकडा तुम्हाला भरावा लागतो, आणि लेन्स बदलली की बदलावा लागतो. सोनीत स्टेडीशॉटच्या सेटिंगमध्ये मॅन्युअल करून, निकॉन झेडमध्ये नॉन-सीपीयू लेन्सच्या यादीत, फुजीत माउंट अ‍ॅडाप्टरच्या मेनूत.

मी आदल्या रविवारी ज्युपिटर-३७ए वापरली होती, १३५ मिमी, आणि आकडा तसाच राहिला होता. हात जरा हलला की ५८ मिमीच्या लेन्सला सेन्सर जेवढा सरकवायला हवा त्याच्या सव्वादोन पटीपेक्षा जास्त बॉडी सरकवत होती. म्हणजे धक्का सावरून वर उलट्या दिशेने सव्वापट नवा धक्का. स्टॅबिलायझेशन बंद असतं तरी याहून बरे फोटो आले असते! उलट चूक, म्हणजे १३५ लावून २८ चा आकडा, तेवढी घातक नसते. तिथे फक्त मदत अपुरी पडते.

क्रॉप सेन्सरवाल्यांनो, दीडने गुणू नका. लेन्सवर जे कोरलंय तेच भरायचं. ५० म्हणजे ५०.

मी हे सेटिंग एका कस्टम बटणावर आणून ठेवलंय आणि प्रत्येक लेन्सच्या मागच्या झाकणावर मार्करने आकडा लिहिलाय. झाकण काढताना डोळ्यांसमोर येतो.

(आणि शटरच पडत नसेल तर मेनूत "लेन्सशिवाय शटर" चालू करा. हा प्रश्न इतक्यांदा येतो की कंसात उरकतो.)

फोकस पीकिंग, आणि सरकणारी रिंग

शार्प कडा स्क्रीनवर रंगवून दाखवणाऱ्या पीकिंगचे लाल-पिवळे काठ दिसले म्हणजे फोकस झाला, असं नव्याने आलेला प्रत्येक जण समजतो. मीही समजायचो. पीकिंग स्क्रीनवरच्या लहान चित्रातला कॉन्ट्रास्ट बघतं, सेन्सरवरचे सगळे पिक्सेल नाही. ५८ मिमी, एफ/२, दोन मीटरवर बसलेली आजी. फिल्मच्या जुन्या हिशेबाने १४ सेंटीमीटर खोली शार्प धरतात. स्क्रीनवर शंभर टक्के मोठं करून बघणाऱ्याला त्यातले तीन सेंटीमीटर मिळतात. पीकिंग मात्र नाकापासून कानापर्यंत सगळी आजी लाल करतं. पीकिंग दिशा दाखवायला, मॅग्निफाय शेवट करायला.

तीन सेंटीमीटर म्हणजे किती, ते उभं राहून बघा. श्वास घेताना माणूस तेवढा पुढेमागे होतोच. मी डोळ्यावर फोकस करून तीन-चार फोटोंची माळ काढतो आणि मधल्या फोटोंमध्ये अंगानेच केसभर पुढे झुकतो. एखादा हमखास लागतो.

हेलिओस ४४-२ वाल्यांसाठी खास: या लेन्सला अपर्चरच्या दोन रिंगा आहेत, एक आकडा ठरवणारी, एक उघडझाप करणारी, आणि दोन्ही अगदी पुढच्या टोकाला. पूर्ण उघडी ठेवून फोकस केला आणि मग एफ/४ करायला पुढची रिंग फिरवली की बोटांबरोबर फोकस रिंगही सरकते. जुनं ग्रीस सुकलेलं असेल तर नक्कीच सरकते. डाव्या हाताने फोकस रिंग घट्ट धरून उजव्याने अपर्चर फिरवा. किंवा सरळ, ज्या अपर्चरला फोटो काढायचाय त्याच अपर्चरला फोकस करा. मिररलेसची स्क्रीन अंधारातही उजेड करून दाखवते, मग आधी उघडून नंतर बंद करायची फिल्मच्या जमान्यातली सवय कशाला? एफ/१.२, एफ/१.४ च्या जुन्या लेन्सेसमध्ये तर अपर्चर बंद करताना फोकसची जागाच थोडी सरकते, तिथे याला पर्यायच नाही.

आणि एक गोष्ट दोष म्हणून सांगू नका. हेलिओसचे एफ/२ वरचे कोपरे मऊ असतात, मागची पानं गोल गोल फिरल्यासारखी दिसतात. ही लेन्स झाइसच्या बायोटार ५८ मिमीच्या आराखड्यावर बनली, तिचा स्वभावच तो आहे. त्यासाठीच लोक ती घेतात. मात्र एफ/८ वरही मधला रुपयाएवढा भाग शार्प आणि बाकी सगळं वितळलेलं असेल, तर आधीच्या मालकाने पुढची काच मुद्दाम उलटी बसवलेली असू शकते. तसा एक प्रकार चालतो, जास्त भोवरा यावा म्हणून.

पिन दबतेय का?

बऱ्याच एम४२ लेन्सेसच्या मागे एक बारीक पिन असते. फिल्म कॅमेरा शटर पडताना ती दाबायचा, तेव्हा ब्लेड बंद व्हायचे. अ‍ॅडाप्टरच्या आत ती दाबणारी कड नसेल आणि लेन्सवर ऑटो-मॅन्युअलचं बटण नसेल, तर रिंगेवर एफ/११ वाचत तुम्ही प्रत्येक फोटो उघड्या लेन्सनेच काढत असता. समोरून लेन्समध्ये बघत रिंग फिरवा. ब्लेड हलले पाहिजेत. हलत नसतील तर आतली कड असलेला अ‍ॅडाप्टर घ्या. कॅनन एफडीच्या अ‍ॅडाप्टरवर याच कामाची एक फिरती रिंग असते आणि ती चुकीच्या बाजूला राहिली की हाच घोळ.

ब्लेड हलतात पण अडखळतात, त्यांच्यावर तेलाची चमक दिसते, तर ग्रीस पातळ होऊन तिथपर्यंत पोचलंय. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर लेन्स ठेवणाऱ्यांनी हे कसं झालं ते विचारू नये.

एक बाजू मऊ

आधी त्याच अ‍ॅडाप्टरवर दुसरी लेन्स लावून बघा. तीच बाजू मऊ आली तर अ‍ॅडाप्टर तिरका, बाजू बदलली किंवा गायब झाली तर पहिल्या लेन्सला कधीतरी मार बसलेला. अ‍ॅडाप्टर बॉडीवर खुळखुळत असेल तर १३५-२०० मिमीच्या जड लेन्सेस स्वतःच्या वजनाने झुकतात. तळहात लेन्सखाली, कॅमेऱ्याखाली नाही.

कोपरे दोन्हीकडे सारखेच पुसलेले आणि लेन्स रेंजफाइंडर (आरसा नसलेल्या जुन्या फिल्म) कॅमेऱ्याची वाइड असेल, तर तुमच्या हातात काही नाही. त्या लेन्सेसची मागची काच फिल्मला चिकटायच्या बेताची असते, कडेची किरणं फार तिरपी येतात आणि सेन्सरवरच्या काचेच्या थरात भरकटतात. ज्युपिटर-१२ ची मागची काच तर इतकी आत येते की काही बॉडींवर ती लावायचा विचारही करू नये.

सगळंच फिकट

लेन्स पूर्ण उघडा, अंधाऱ्या खोलीत मागून मोबाईलचा टॉर्च मारा आणि समोरून जरा तिरपं बघा. सरळ बघितलं तर डोळे दिपतात, दिसत काही नाही. दुधाचा पातळ थर दिसला तर ते धुकं, आतल्या तेलाची वाफ काचेवर बसते त्याचं. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी. धूळ सगळ्याच जुन्या लेन्सेसमध्ये असते, तिच्याकडे दुर्लक्ष करा. कडेला चिमूटभर बुरशी असली तरी फोटोत फारसं काही दिसत नाही. दुधाचा थर मात्र काळे रंग मारून टाकतो.

काच स्वच्छ असून फोटो फिका असेल तर अ‍ॅडाप्टरमध्ये डोकावा. खूपशा अ‍ॅडाप्टरना आतून काळा पण चकचकीत रंग असतो. खिडकीकडे धरलात तर आतल्या भिंतीत खिडकी दिसते. मी शाळेच्या हस्तकलेचा काळा वेलवेट पेपर पट्टी कापून आत चिकटवला. वीस रुपयांत इतका फरक मला कुठल्याही फिल्टरने दिला नाही. फक्त पिन आणि बायोनेटपाशी कागद येऊ देऊ नका, आणि चिकटवल्यावर ब्रशने सुटे धागे झटका, नाहीतर ते सेन्सरवर जाऊन बसतात.

मुंबईत आणि कोकणात राहणाऱ्यांनी जुन्या लेन्सचं ते देखणं चामडी पाकीट शोकेसमध्ये ठेवावं, लेन्स त्यात नको. चामडं ओल धरतं. हवाबंद डबा, सिलिका जेल, आणि शंभर-दीडशे रुपयांचा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा.

लेन्स आधी कुणी उघडली होती का?

हा प्रश्न मी शेवटी विचारतो, पण रत्नागिरीहून एकाने लेन्स दाखवली तेव्हा पहिला विचारायला हवा होता. ५० मिमी एफ/१.७. अ‍ॅडाप्टर मोजून घेतला, बरोबर निघाला. स्टॅबिलायझेशन बंद. ब्लेड हलतात. काच आरशासारखी. तरी अडीच मीटरच्या पुढे काहीच शार्प नाही. गणित केलं: ५० चा वर्ग २५००, भागिले २५००, बरोबर एक मिमी. इतकी गोल चूक अ‍ॅडाप्टरची नसते.

मग म्हणाला, गेल्या गणपतीत बुरशी साफ करायला दिली होती. लेन्सचा फोकस ज्या आट्यांवर पुढेमागे होतो त्यांना एकाऐवजी अनेक सुरुवाती असतात. सुटे केल्यावर कुठल्याही सुरुवातीतून ते एकमेकांत गुळगुळीत बसतात, पण बरोबर सुरुवात एकच. चुकली की सगळी नळी पुढे राहते आणि इन्फिनिटी हरवते. उघडताना आटे ज्या जागी सुटतात तिथे दोन्ही भागांवर सुईने ओरखडा काढायचा असतो. तो काढला नव्हता.

त्याने लेन्स त्याच माणसाकडे नेली आणि समोर बसून राहिला. एकेक सुरुवात धरून बसवायची, बॉडीवर लावायची, दाराबाहेर जाऊन लांबचं बघायचं, परत सोडवायची. पाचव्या खेपेला जमलं. त्या संध्याकाळी त्याने मला रत्नदुर्गावरच्या दीपगृहाचा फोटो पाठवला. एफ/१.७ वर काढलेला, आणि कठड्याच्या सळ्या सुट्या सुट्या दिसत होत्या.